पस्तीस रुपयांचा फरक

२०१७ च्या मे महिन्यात आमच्या पतसंस्थेचा मुख्य कॉम्प्युटर गेला. परभणी जिल्ह्यातला मे म्हणजे माणसंच कशीबशी तग धरतात. हा तर दहा वर्षांचा म्हातारा, विंडोज एक्सपीवर चालणारा, वर इन्व्हर्टरची बॅटरी बसलेली. दुरुस्तीवाल्या पोरानं डबा उघडला, आत फुंकर मारली आणि म्हणाला, "साहेब, याच्यात काही राहिलं नाही आता. हार्डडिस्क तेवढी जित्ती हाय."

दुसऱ्याच दिवशी नवा आणला, विंडोज १० वाला. त्यावर आमचा प्रोग्रॅम उघडेना. हा प्रोग्रॅम १९९७ साली डॉसवरच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळ्या पडद्यावरच्या, फॉक्सप्रो भाषेत लिहिलेला. मोठ्या बँकांत संगणक आणावेत असं सांगणारा रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा. तो वारा आमच्या गावापर्यंत यायला तेरा वर्षं लागली, आणि आला तो असा: एका संचालकाच्या ओळखीचा पोरगा, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं. त्यावर आम्ही वीस वर्षं काढली. ६४ बिटांचं विंडोज डॉसच्या काळातले १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवतच नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०१४ मध्येच काढला होता आणि फॉक्सप्रोच्या शेवटच्या आवृत्तीचा जानेवारी २०१५ मध्ये. आधी कळलं असतं तरी आम्ही काही केलं असतं असं नाही. चालतंय ते कशाला उकरायचं, हेच आमचं धोरण.

दुरुस्तीवाल्या पोरानं कुठून तरी जुन्या मॉडेलचा डबा आणला, त्यात आमची हार्डडिस्क बसवली आणि चार दिवस हातानं फाडलेल्या पावत्या एकदाच्या आत गेल्या. संचालक मंडळ मात्र घाबरलं होतं. मासिक सभेत ठराव झाला, सॉफ्टवेअर समिती नेमली. अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते, व्यवस्थापक, आणि मी. मी कर्ज विभागातला लिपिक. मला एक्सेल येतं, एवढाच माझा गुन्हा.

तात्यांना समितीत घेतलं नाही. तात्या म्हणजे आमचे लेखापाल, १९८८ पासून रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, त्यांच्या हातची. त्यांना माउस धरता येत नाही म्हणून ते वगळले गेले. आम्ही केलेल्या चुकांत ही पहिली आणि सगळ्यात महागाची.

तर पहिला प्रयत्न. तेव्हाच्या औरंगाबादचा एक हुशार मुलगा, तोही एका संचालकाच्या ओळखीचाच. अडीच लाखात आपल्याला पाहिजे तसं, अगदी अंगाला बेतून करून देतो म्हणाला. स्वस्त, मराठवाड्यातला, हाक मारली की येईल. आला, आणि वही काढून पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्हाला नक्की काय काय पाहिजे?"

आम्ही त्याला चार पानांची यादी दिली. ती आम्ही दुसऱ्या एका संस्थेच्या जाहीर निविदेवरून उतरवली होती, हे आज सांगायला हरकत नाही. त्यात 'सर्व प्रकारचे अहवाल निघावेत' असं एक कलम होतं. सर्व प्रकारचे म्हणजे कोणते, हे ना आम्ही विचारलं ना त्यानं.

दिवाळीपर्यंत त्यानं पडदे तयार केले. सुरेख होते, निळ्या रंगाचे. मग त्याचे फोन सुरू झाले. हप्त्याची तारीख रविवारी आली तर दंड लावायचा का? मुदत संपलेली ठेव कुणी न्यायला आलं नाही तर पुढच्या दिवसांना बचतीचा दर लावायचा की काहीच नाही? जामीनदार वारला तर? व्यवस्थापक एक सांगायचे, मी दुसरं, मानवत शाखेतला कॅशियर तिसरं. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी होती, कारण तिन्ही ठिकाणी तसंच चालत होतं. तो बिचारा प्रत्येक फोननंतर कोड बदलायचा. जानेवारीत त्याला पुण्यात नोकरी लागली. तोवर आमचे एक लाख दहा हजार गेले होते आणि हातात निळे पडदे होते. त्या पोराला आम्ही गावभर नावं ठेवली. चूक त्याची फार कमी होती.

माझा भाचा नांदेडला कॉम्प्युटर शिकायचा. त्याला हे सगळं सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणाला, मामा, आमच्या पुस्तकात असतंय ना हे, आधी गरजा लिहायच्या, मग आराखडा, मग कोड, मग तपासणी, धबधब्यासारखं एकाखाली एक. विन्स्टन रॉइस नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं १९७० साली ती आकृती मांडली. गंमत अशी की त्यानं तिथंच लिहून ठेवलंय, असं सरळ उतरत जाणं धोक्याचं आहे. जमलं तर दोनदा करा, आणि गिऱ्हाइकाला द्यायचं ते दुसऱ्या खेपेचं असू द्या. लोकांनी आकृती उचलली आणि खालचा मजकूर सोडून दिला. मी म्हटलं, बाबा, आमचं एकदा तर झालंय.

दुसऱ्या खेपेला तयार माल घ्यायचा ठरलं. तीन दरपत्रकं आली. पुण्याच्या एका कंपनीचं सहा शाखांना मिळून ४ लाख २० हजार, दुसऱ्या वर्षापासून देखभाल करार १५ टक्के. दुसऱ्या कंपनीचं काहीच विकत घ्यायचं नाही, सगळं त्यांच्या सर्व्हरवर, शाखेमागे महिना दोन हजार भाडं. तिसरी फारच महाग होती, तिचं दरपत्रक भाऊंनी वाचलंही नाही. मंडळाला भाडं स्वस्त वाटलं, कारण दोन हजार हा आकडा छोटा दिसतो. मी एक्सेलमध्ये पाच वर्षांचं गणित मांडलं, १८ टक्के जीएसटी धरून. विकतचं ७ लाख ९२ हजार ९६०, भाड्याचं ८ लाख ४९ हजार ६००. फरक सत्तावन्न हजारांच्या आत. म्हणजे पैशावरून ठरवण्यासारखं त्यात काही उरलंच नाही. दोन्ही दरपत्रकांत तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ सारखीच होती: फेरबदलाचे दर वेगळे, एका माणसाच्या एका दिवसाला सहा हजार. खरी किंमत त्या ओळीत होती. निळ्या पडद्यांवर एक लाख दहा हजार घालवल्यामुळे ती ओळ मला दिसली, एवढंच.

मग प्रात्यक्षिकं. पुणेवाले रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आले, सकाळी लॉजवर अंघोळी करून दहाला हजर. लॅपटॉपवर सगळं लोण्यासारखं चालत होतं. नमुन्याचे खातेदार शहाण्यासारखे वेळेवर हप्ते भरत होते, कुणी मरत नव्हतं, कुणाची सही बदलत नव्हती. थकबाकीचा रंगीत आलेख आला तेव्हा भाऊ खुर्चीत पुढं सरकले. सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यासाठी लागणारा तपशील एका बटणावर निघत होता, ते पाहून तर व्यवस्थापक विरघळलेच.

तात्या एका व्हाउचरवर सही घ्यायला आत आले होते. दाराशीच उभे राहून पाहत होते. मध्येच म्हणाले, "मागच्या तारखेचं व्हाउचर टाकता येतंय का याच्यात?"

कंपनीचा माणूस खुलला. "येतं ना काका! अ‍ॅडमिनला कुठल्याही तारखेत जाता येतं."

"मग नको हे," तात्या म्हणाले, आणि सही घेऊन गेले.

खोलीत शांतता. दुपारी भाडेवाल्यांचं प्रात्यक्षिक होतं, तेव्हा भाऊंनी तात्यांना मुद्दाम बोलावून खुर्ची दिली. तात्यांनी तोच प्रश्न विचारला. तो माणूस जरा ओशाळून म्हणाला, "नाही हो. दिवस बंद केला की बंद. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी उलट नोंद करायची, पहिली नोंद पुसली जात नाही." तात्यांनी मान डोलावली. त्यांच्या वहीतही खाडाखोड चालत नसे, चुकलं की लाल शाईनं उलट जमाखर्च. भाडेवाल्यांचा आलेख नीट नव्हता, पडदे जुनाट होते. तरी आम्ही तेच घेतलं. करारात मी एक कलम हट्टानं घालून घेतलं: आमचा सगळा डेटा, कोणत्या रकान्याचा अर्थ काय या माहितीसकट, मागू तेव्हा साध्या फाइलीत द्यायचा, करार संपला तरी. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, मागितला होता, तो मिळाला नाही.

तात्या समितीत आले. मग खरं काम सुरू झालं.

जुन्या फाइली एक्सेलमध्ये उघडायच्या, पण रकान्यांच्या नावांना दहाच अक्षरांची मर्यादा, त्यामुळं नावं म्हणजे कोडी. 'एफएलजी२' नावाच्या एका रकान्यात बहुतेक ठिकाणी शून्य होतं, काही ठिकाणी १ आणि २, आणि एकेचाळीस खात्यांवर ७. मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला शोधून काढलं. तो आता पुण्यात कुठं तरी मोठा साहेब होता. "अजून चालतंय ते?" एवढंच म्हणाला, आणि बराच वेळ हसत राहिला. त्याला काही आठवत नव्हतं. तात्यांना आठवत होतं. सात म्हणजे सभासद वारला, पण वारस नोंद झालेली नाही, कारण भावाभावांत वाद आहे. त्या एकेचाळीस घरांतले वाद त्यांनी एकेक करून सांगितले.

नावांचं तर विचारूच नका. जुन्या प्रोग्रॅममध्ये नावं इंग्रजी अक्षरांत. ज्ञानोबा हे नाव कुणी डी-एन-वाय करून लिहिलेलं, कुणी डी-एन-ए, कुणी जी-वाय. एकाच ज्ञानोबाची बचत एका नावानं, कर्ज दुसऱ्या, आणि जामीनदार म्हणून तो तिसऱ्याच. उलट पाथरी शाखेत नाव, बापाचं नाव, आडनाव सगळं सारखं असलेले तिघं जण खरोखर वेगळे निघाले. कंपनीचं यंत्र ते तिघं एकच समजून खाती जोडायला निघालं होतं. शेवटी केवायसीचे कागद घेऊन आम्ही दोन महिने संध्याकाळी बसलो. आणखी एक: शेकडो खात्यांची उघडण्याची तारीख एकच, १ एप्रिल १९९७. त्या दिवशी गावानं रांग लावली होती असं नाही. वहीतून कॉम्प्युटरवर आणताना टाकलेली ती तारीख.

मग व्याज. तीन महिने जुनं आणि नवं दोन्ही बरोबर चालवायचं ठरलं होतं. पहिल्याच आठवड्यात एका कर्जाचं जुळेना. एक लाख रुपये, १२ टक्के, ९० दिवस. जुना प्रोग्रॅम म्हणतो ३,०००, नवा म्हणतो २,९५८ रुपये ९० पैसे. मी कंपनीला फोनवर झाडलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, तुमचा जुना प्रोग्रॅम दिवस खरे मोजतो, पण भाग ३६५ ऐवजी ३६० नं देतो. वीस वर्षं हे चाललं होतं. पोटनियमांत काही नाही, ठरावात काही नाही. विषय मंडळापुढं गेला. एका संचालकानं तिथंच हिशेब केला: तीन कोटींच्या कर्जावर वर्षाला पन्नास हजारांचं उत्पन्न कमी होणार. "इतक्या वर्षांत कुणी तक्रार केली का?" त्यांनी विचारलं. भाऊ म्हणाले, "कळलं असतं तर केली असती ना." ३६५ चा ठराव झाला. मागचं मात्र कुणाला परत दिलं नाही. मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण ठराव करणारे ते होते, मी फक्त लिहून घेणारा.

ठेवींत उलट झालं. आमची दामदुप्पट योजना गावात प्रसिद्ध: दहा हजार ठेवा, ८४ महिन्यांनी वीस हजार न्या. पावतीवर तसं छापलेलं. नव्या सिस्टीमनं १० टक्के, तिमाही चक्रवाढ असं धरून मुदतीअखेरचा आकडा काढला, १९,९६५. पस्तीस रुपये कमी! या वेळी मी आधी स्वतः गणित केलं. खरंच आहे, त्या दरानं पैसे दुप्पट व्हायला सात वर्षांवर आणखी साधारण आठवडा लागतो. मग जुना प्रोग्रॅम वीस हजार कसे देत होता? तात्या म्हणाले, "मीच सांगितलं होतं त्या पोराला. दामदुप्पट म्हणल्यावर दुप्पटच द्यायचं. माणूस सात वर्षांनी पावती घेऊन येतो अन् तुम्ही त्याला पस्तीस रुपयांचं गणित शिकवणार?" कंपनीला हे समजावणं अवघड गेलं. त्यांचं म्हणणं, सूत्र बरोबर आहे. सूत्र बरोबर होतंच. पण छापलेला शब्दही होता. शेवटी जुन्या पावत्यांसाठी वेगळा योजना क्रमांक काढला, त्यात शेवटची रक्कम सरळ दुप्पट. दोन माणसं-दिवसांचे बारा हजार मोजले. नव्या पावत्यांवर 'दामदुप्पट' हा शब्द आम्ही बंदच केला.

सगळ्यात वाईट दिवस तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमेचा ताळा, जुळवण्याचा. जुन्या प्रोग्रॅमची तेरीज वीस वर्षं दररोज पैशापर्यंत जुळायची, तात्यांना त्याचा अभिमान होता. तोच डेटा नव्यात टाकला तर ११,३४० रुपये ६३ पैशांचा फरक. चार रात्री गेल्या. घरून डबे येत होते, बायको विचारायची, लग्नघर लागलंय का तिकडं? पाचव्या रात्री कंपनीच्या मुलीनं शोधलं. जुना प्रोग्रॅम दिवस बंद करताना नावे-जमेत जो काही फरक राहील तो कुणाला न विचारता उचंत खात्यात, म्हणजे हिशेब न लागलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, टाकत होता, आणि ते उचंत कुठल्याच अहवालात छापत नव्हता. म्हणून तेरीज जुळत होती. तात्या बराच वेळ पडद्याकडं बघत बसले. मग टोपी डोक्यावर घातली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला येऊन १९९७ च्या रोजकीर्दी कपाटातून काढून ठेवल्या होत्या. पुढच्या पाच महिन्यांत त्यांनी दहा हजारांच्या आसपासचे फरक सापडवले, एकेक नोंद. उरलेली रक्कम लेखापरीक्षकांना दाखवून रीतसर निकाली काढली.

१ एप्रिलला सुरू करायचं होतं, ते १ ऑक्टोबर २०१८ ला झालं. सहा शाखा एकदम नाही, सगळ्यात छोटी बोरी शाखा आधी. मानवत दुसऱ्या क्रमांकावर होती, पण तिथल्या कॅशियरनं हात जोडले: दसऱ्यानंतर कापसाचा पैसा, मोंढ्यातून, म्हणजे शेतमालाच्या बाजारातून, माणसांची रीघ, तेव्हा नवीन पडदा नका देऊ. मानवत जानेवारीवर ढकलली. समितीच्या बैठकीत हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

गंमत पिग्मीत, म्हणजे एजंट फिरून रोज गोळा करतात त्या बचतीत, झाली. एजंटांना मोबाइल अ‍ॅप दिलं, पैसे नोंदवले की ठेवीदाराला मेसेज. पहिल्याच शनिवारी मोंढ्यातला एक हमाल फोन दाखवत आला: एका रात्रीत पन्नास-पन्नासचे सहा मेसेज. "मी तर सोमवारीच तीनशे दिले होते, आज कामून सांगायलाय ह्यो?" एजंट आठवडाभर वहीत लिहून शनिवारी एकदम चढवत होता. चोरी नव्हती त्यात, सवय होती. पण त्या पाच दिवसांत पैसे कुठं असायचे, हा प्रश्न आम्ही आधी कधी विचारलाच नव्हता. दोन एजंट काम सोडून गेले. त्यांचा राग अजून माझ्यावर आहे.

नेटचं रडगाणं वेगळं. रस्त्याचं खोदकाम निघालं की केबल तुटायची, मग मोबाइलच्या डोंगलवर शाखा चालवायची. भाड्यानं घेतलेल्या सिस्टीमची ही बाजू मी माझ्या एक्सेलमध्ये मांडलीच नव्हती.

२०२२ मध्ये केंद्रानं देशातल्या ६३,००० विकास सोसायट्यांच्या, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या संस्थांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली, २,५१६ कोटींची योजना, सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर. आमच्या गावच्या सोसायटीचं काम बघणाऱ्या गटसचिवाचा फोन आला, कोणतं सॉफ्टवेअर चांगलं? म्हटलं, ते निवडायची तुम्हाला कटकटच नाही, वरूनच येणार आहे. तुम्ही फक्त वह्या काढून ठेवा, आणि आधीचे सचिव हयात आहेत का ते बघा. हयात होते. आता लातूरला मुलाकडं राहतात म्हणाला.

तात्या २०२१ ला निवृत्त झाले. जुन्या दामदुप्पटच्या शेवटच्या पावत्या २०२५ मध्ये संपल्या. यंदा कंपनीकडून विचारणा आली: तुमच्या त्या खास योजना क्रमांकात आता जवळपास काही उरलं नाही, बंद करून टाकू का, सिस्टीम हलकी होईल. मी पाहिलं, एक खातं शिल्लक आहे. दहा हजारांची पावती, बाई बोरीच्या, मुदत संपलेली, न्यायला कुणी आलेलं नाही. पत्त्यावर दोन पत्रं पाठवली. तूर्त राहू द्या, असं कंपनीला कळवलंय.